शेवटच्या बोल्टवरचा अंगठा

मी एका माणसाशी आठ वर्षं खोटं वागलो, आणि त्या खोट्याचा चहा त्याच्याच गॅरेजात बसून, बिस्कीट बुडवून बुडवून प्यालो. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढं शर्यतीच्या गोष्टी मी अशा रंगवीन की तुम्हाला वाटेल, काय बहाद्दर गडी आहे! बहाद्दर कसला डोंबलाचा. अमरावतीत माझं हेल्मेट आणि जॅकेटचं दुकान आहे, पोट सुटलंय, आणि थंडी पडली की उजवा गुडघा ठणकतो.

तो माणूस म्हणजे अकोल्याचा मिस्त्री. डाबकी रोडला त्याचं दोन शटरचं गॅरेज आहे. वडील एसटीच्या वर्कशॉपात होते, त्यांचेच पाने अजून भिंतीवर ओळीनं टांगलेले असतात आणि वर बुद्धाची तसबीर. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला भाऊ म्हणतो. तो मला वकील म्हणायचा. वकील माझे वडील होते. मी कायद्याच्या दुसऱ्या वर्षाची पुस्तकं विकून सायलेन्सर घेतला होता. हे त्याला कळलं त्या दिवसापासून माझं नाव वकील पडलं.

ओळख झाली ती मी चिखलदऱ्याच्या घाटात मोटारसायकल पाडून घेतली तेव्हा. कोणीतरी सांगितलं, अकोल्याला एक मिस्त्री आहे, तो मेलेली गाडी उठवतो. त्यानं गाडीभोवती दोन चकरा मारल्या, खाली बसला आणि म्हणाला, “पोट्ट्या, डाव्या अंगाचं फुटरेस्ट घासून गेलं, उजव्या अंगाचं कोरं काहून हाये? उजवीकडं वळाले भेतं का तू?” खरंच भीत होतो. घरी, मित्रांत, कोणालाच हे कळलं नव्हतं. मला स्वतःलासुद्धा तोपर्यंत धड कळलेलं नव्हतं. त्यानं गाडी दुरुस्त केली आणि मला महिनाभर एका मोकळ्या मैदानात फक्त उजवीकडं गोल गोल फिरायला लावलं. मला चक्कर यायची आणि तो बाजूला उभा राहून शेंगदाणे खायचा.

तिथून शर्यतीचं खूळ डोक्यात शिरलं, आधी माझ्या की त्याच्या, आता सांगता येत नाही. बाहेरच्या माणसाला वाटतं, गाडी घ्यायची आणि पळवायची. हट्! गाडी तर सगळ्यात स्वस्त पडते. टायर खातात माणसाला. रस्त्यावर जे टायर तीन वर्षं चालतात ते ट्रॅकवर दोन दिवसांत सोलून निघतात. मग सरावाची फी वेगळी, शर्यतीची वेगळी. पडलात की हँडल, लिव्हर, फुटरेस्ट. अंगातला कातडी सूट आम्ही एका रायडरचा जुना घेतला होता, तो खांद्यात इतका तंग की जेवताना चेन खाली ओढावी लागे. आणि ट्रॅक सगळे तिकडं दक्षिणेत. वडील म्हणायचे, “यापेक्षा घोडे पाळले असतेस तर लग्नसराईत वरातीला तरी दिले असते.” नाकापेक्षा मोती जड झाला होता, पण आम्हा दोघांनाही तो काढायचा नव्हता.

यावर भाऊनं जी तोड काढली ती वऱ्हाडातल्याच माणसाला सुचेल. वरूडहून संत्र्याचे ट्रक दक्षिणेत जातात. त्याच्या ओळखीचा एक ड्रायव्हर होता. हंगामात आमची गाडी त्याच्या ट्रकात, संत्र्यांच्या मागं, तणसात गुंडाळून जायची आणि आम्ही दोघं रेल्वेच्या जनरल डब्यात भाकरी-ठेचा बांधून. ट्रॅकवर गाडी उतरवली की तिला संत्र्याच्या सालीचा वास मारायचा. शेजारचे लोक हसायचे. भाऊ त्याच ट्रकातली एक पेटी खांद्यावर मारायचा आणि थेट मोठ्या टीमच्या दारात जाऊन उभा राहायचा. मोठ्या टीम एका शर्यतीनंतर टायर टाकून देतात. त्यांच्या मेकॅनिकांना संत्री द्यायची आणि ते टायर मागून आणायचे, असा त्याचा सौदा. तो त्यांना ‘उष्टे टायर’ म्हणायचा. रबर अंगठ्यानं दाबून बघायचा आणि खूश होऊन ओरडायचा, “घे वकील, याच्यात अजून एका शर्यतीचा जीव हाये!” सगळ्यांसमोर ओरडायचा. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आता त्या अंगठ्याचं सांगतो, कारण पुढं सगळं तिथंच येऊन थांबतं. इंजिनचं ऑइल ज्या बोल्टमधून सोडतात, तो बोल्ट शर्यतीच्या गाडीत तारेनं बांधावा लागतो. तसा नियमच आहे. बोल्ट सुटला तर ट्रॅकवर ऑइल सांडतं आणि मागून येणारे सगळे घसरतात. तपासणीवाले वाकून आधी ती तार बघतात. सगळेच मेकॅनिक ती बांधतात, पण आमचा भाऊ मी आल्याशिवाय बांधायचा नाही. अख्खी गाडी तयार करायचा आणि तो एक बोल्ट राखून ठेवायचा. मग हाक मारायचा, “वकील, अंगठा लाव.” मी खाली बसून तार बोल्टवर अंगठ्यानं दाबून धरायची आणि त्यानं पकडीनं पीळ द्यायचा. खरं तर त्याला माझ्या अंगठ्याची काडीची गरज नव्हती. पहिल्यांदा मी विचारलं, “काहून भाऊ?”

“आता तुहा अंगठा लागला,” तो म्हणाला. “उद्या पडला तं मिस्त्रीनं पाडलं म्हणता येणार नाही, आन् जितला तं एकट्यानं जितलो म्हणता येणार नाही. पडलो तं दोघं, जितलो तं दोघं.”

साध्या रस्त्यावरच्या गाडीला अशी तार लागत नाही. पण माझ्या रोजच्या गाडीचं ऑइल बदललं तरी तो तार बांधायचा आणि अंगठा लावून घ्यायचा. गिऱ्हाईकं बघत राहायची.

चौथ्या वर्षी मी दोनदा पहिल्या तिघांत आलो आणि मला एका मोठ्या टीमच्या मॅनेजरचा फोन आला. या धंद्यात टीम बदलणं काही नवं नाही. मागच्या शर्यतीत निळ्या शर्टात दिसलेला मेकॅनिक पुढच्या शर्यतीत लाल शर्टात दिसतो, हातात पेटी तीच. एखाद्या कंपनीनं हात आखडला की टीम बुडते, दुसरी उगवते, माणसं इकडची तिकडं होतात. रायडर नव्या टीमकडं जातो तेव्हा पुष्कळदा आपला एक मेकॅनिक सोबत नेतो. त्यात कोणाला वावगं वाटत नाही.

मी घराच्या गच्चीवर होतो. आई वाळवण घालून खाली गेली होती आणि मी राखणीला बसलो होतो. मॅनेजर हिंदीत बोलत होता. गाडी त्यांची, टायर नवे कोरे, प्रवास त्यांचा, वर पगार. माझे पाय गच्चीला लागत नव्हते. मग तो म्हणाला, “अपना मेकॅनिक लाओगे? एक आदमी की जगह है.”

हे वाक्य आजही मला त्याच्या आवाजात ऐकू येतं. ते ऐकलं तेव्हा डोक्यात काय आलं तेही सांगतो, ते लपवायचं तर हे लिहायचंच कशाला? आधी मला त्यांच्या चकचकीत पिटमध्ये, ट्रॅकलगतच्या दुरुस्तीच्या गाळ्यात, भाऊ दिसला. खाकी पँट, कानावर पेन्सिल, खांद्यावर संत्र्याची पेटी, आणि “हे टायर फेकून राहिले का जी?” असं मोठ्यानं विचारणारा. मला त्याची लाज वाटली. दुसरं जे आलं ते त्याहून वाईट होतं. ट्रॅकवर लोक म्हणायचे, गाडी मिस्त्रीची पळते, वर कोणालाही बसवा. ते मला लागायचं. एकट्यानं जिंकून त्यांची तोंडं बंद करायची होती मला.

“नहीं सर,” मी म्हणालो, “वो तो लोकल मिस्त्री है. जरूरत नहीं.”

‘गरज सरो, वैद्य मरो’ या म्हणीचा शाळेत मी वाक्यात उपयोग करून दाखवला होता आणि दोनपैकी दोन गुण मिळवले होते. गच्चीवर मी तिचा खराखुरा उपयोग करून दाखवला.

दुसऱ्या दिवशी अकोल्याला गेलो. भाऊ एका स्कूटरचं कार्ब्युरेटर धूत होता. टीमचं सांगितल्यावर त्यानं हात तसेच वर धरले आणि विचारलं, “मंग आपलं कधी जाचं हाये?”

आपलं! तिथंच मला खरं बोलता आलं असतं. शिव्या दिल्या असत्या, आठ दिवस बोलला नसता, संपलं असतं. पण मी म्हणालो, “भाऊ, मी तुह्यासाठी लय भांडलो. म्हटलं, मिस्त्री येईल तरच मी येतो. ते आयकतच नाहीत. त्यायचा नियम हाये म्हणे.” आणि वरून आणखी एक ठेवून दिलं, “मी नाहीच जात मंग.”

हे शेवटचं मी का म्हणालो, ते मला तेव्हाही माहीत होतं. तो काय उत्तर देणार याची खात्री होती म्हणून म्हणालो.

“अबे भैताड झाला का?” तो ओरडला. “माह्यापायी घरी बसतं का? जाय गुमान!” मग उठला, आणि माझ्या शर्टाला ऑइल लागू नये म्हणून हात मागं धरून, नुसत्या कोपरांनी मला मिठी मारली. त्याचे डोळे भरून आले होते. माझ्यासाठी घरच्यांशिवाय असं कोणी रडलेलं नव्हतं.

मी गेलो. दोन वर्षं त्या टीमकडून पळालो. गाडी झकास होती, टायर नवे असायचे, लॅपटॉप घेतलेला एक इंजिनिअर मला माझी चूक आलेख काढून दाखवायचा. मेकॅनिक सारखे बदलायचे. एकाचं नाव तोंडी बसेपर्यंत तो दुसऱ्या रंगाच्या शर्टात गेलेला असायचा. तार बांधलेली असायची, कधी आणि कोणी बांधली ते मला माहीत नसायचं. मी सहावा आलो, सातवा आलो, अकरावा आलो. गाडी मिस्त्रीचीच पळत होती असं मी अजूनही म्हणणार नाही. पण नव्हती असंही छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही. मग कंपनीनं हात काढून घेतला आणि मोबाइलवरच्या एका निरोपानं टीम बंद झाली. याला माझ्या कर्माचं फळ वगैरे कोणी म्हणू नका. तिथल्या बाकीच्या लोकांनी कोणाचं काय घोडं मारलं होतं? त्यांच्याही पोटावर पाय आलाच.

परत आलो तेव्हा मला सगळ्यात जास्त भीती अकोल्याची होती. गेलो तर भाऊनं गिऱ्हाईकांना बाजूला सारून मला बाकावर बसवलं, चहा सांगितला आणि सगळ्यांना ओरडून सांगितलं, “हा पाहा! माह्यासाठी इतक्या मोठ्या टीमशी भांडला हा!” त्यानंतर दर वेळी तेच. आणि दर वेळी गोष्ट थोडी वाढायची. मी फोनवर मॅनेजरला झापलं होतं, मी फोन आपटला होता, मी दोन दिवस जेवलो नव्हतो. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचो. चोराच्या मनात चांदणं. तो नुसता हसला तरी मला वाटायचं, याला कळलंय, हा मजा घेतोय. पण तसं काही नव्हतं. त्याला ती गोष्ट मनापासून आवडायची, एवढंच.

माझं दुकान निघालं तेव्हा पहिली दहा-पंधरा गिऱ्हाईकं त्यानं पाठवली. दरम्यान नागपूरचे दोन-तीन रायडर त्याच्याकडं शर्यतीची गाडी घेऊन आले होते. त्यानं परत पाठवले. “एकदा एकासंग अंगठा लावला तं लावला,” असं त्यांना सांगितलं म्हणे. हे मला त्यांच्यातल्याच एकानं जॅकेट घेता घेता सांगितलं. त्या दिवशी मी दुकान अर्ध्यातच बंद करून अकोल्याला निघालो, सांगूनच टाकू म्हणून. मूर्तिजापूरला चहा प्यायला थांबलो आणि तिथूनच परत फिरलो.

मग त्याची पोरगी शर्यतीत उतरायला लागली. मी टीमकडं गेलो तेव्हा ती अकरा वर्षांची होती, आता एकोणीसची आहे. तिच्यासाठी मात्र त्यानं पुन्हा शर्यतीची गाडी बांधली. पोरगी माझ्यापेक्षा चांगली चालवते. डावीकडं, उजवीकडं तिला सारखंच. मागच्या वर्षी मुलींच्या शर्यतीत तिनं दोनदा बाजी मारली आणि यंदा तिलाही एका टीमचा फोन आला. तिनं विचारलं, माझे बाबा मेकॅनिक म्हणून येतील का? ते म्हणाले, आमचे मेकॅनिक आहेत, जागा नाही. ती म्हणाली, मग मीही नाही.

शनिवारी भाऊचा मला फोन आला. “वकील, ये बाप्पा इकडं. पोट्टी आयकूनच नाही राहिली. सोमवारी हाव का नाही ते सांगा लागते, नाही तं दुसऱ्या पोरीले घेतात. माह्याच्यानं तिचे टायर पुरवणं होत नाही आता. लेकराचं नशीब उघडून राहिलं आन् ते दार लोटून राहिली. तुहं पटते तिले. समजाव.”

रविवारी सकाळी गेलो. वाटेत काय बोलायचं ते घोकत होतो. भाऊ म्हणाला, “आलाच हायेस तं ऑइल बदलून देतो,” आणि माझी गाडी स्टँडवर घेऊन तिच्यामागं बसला. खाली घमेलं सरकवलं आणि बोल्ट काढला. पोरगी पायरीवर मांडीत हेल्मेट घेऊन बसली होती. मी सुरू केलं. चांगली गाडी मिळेल, नवे टायर मिळतील, बाबा काय, कुठं पळून जात नाहीत, दोन वर्षांत नाव कर. ती सगळं ऐकत होती. मग म्हणाली, “काका, तुमी तं बाबासाठी भांडले होते. मंग मी काहून नाही भांडू?”

गाडीमागून भाऊ हसला. “ह्या गोष्टीनंच घात केला पाहा, वकील. मीच सांगतली ना तिले लहानपणापासून.”

“पण शेवटी मी गेलोच ना?” मी म्हणालो.

“बाबानं ढकललं म्हणून गेले तुमी. मी ढकलूच देणार नाही.”

वकिलाचा पोरगा आहे मी. दुसरं एखादं खोटं जुळवायला मला वेळ लागला नसता, एक तर जिभेवर आलंही होतं. पण पोरगी सरळ माझ्याकडं बघत होती. माझ्या एका थापेवर ती आपलं अख्खं नशीब टाकायला निघाली होती, आणि सोमवार उद्यावर आला होता.

“मी भांडलो नव्हतो,” मी म्हणालो.

“म्हंजे?”

“मॅनेजरनं स्वतःच विचारलं होतं, तुझा मेकॅनिक आणतो का म्हणून. एका माणसाची जागा होती त्यांच्याकडं. मीच नको म्हटलं. म्हटलं, लोकल मिस्त्री आहे, गरज नाही.”

घमेल्यात ऑइल पडत होतं, तेवढाच आवाज. गाडीच्या पलीकडं भाऊचे नुसते गुडघे दिसत होते. ते हलले नाहीत. पोरीनं आधी त्या गुडघ्यांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मला वाटलं, चिडेल, हेल्मेट फेकून मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

“मी तुमच्यासारखी व्हाले निघाली होती, काका,” ती म्हणाली. हेल्मेट पायरीवर ठेवून ती फोन घेऊन आत गेली. शटरच्या आतून तिचा आवाज स्पष्ट ऐकू आला. “हां सर. आ रही हूं मैं. नहीं सर, अकेली.”

“भाऊ, चुकलो मी,” मी म्हणालो. “लाज वाटली होती मला तुझी. आता माझी वाटते.” आठ वर्षं घोकलेलं त्यापेक्षा पुष्कळ मोठं होतं, पण एवढंच बाहेर आलं.

तो फडक्यानं बोल्ट पुसत राहिला. बोल्ट केव्हाच साफ झाला होता. मग म्हणाला, “पोट्टीचं काम झालं ना. त्यासाठीच बलावलं होतं तुले.” आवाजात राग नव्हता. राग असता तर मी तो झेलला असता, मला त्याचा राग झेलायची सवय होती.

त्यानं बोल्ट बसवला, पान्यानं आवळला आणि भिंतीवरच्या गुंडाळीतून वीतभर तार तोडली. मला वाटलं, तार बांधतोय म्हणजे अजून सगळं गेलेलं नाही. मी सवयीनं खाली बसलो आणि गाडीखाली हात घातला. भाऊनं माझ्या हाताकडं पाहिलं. मग बाजूनं आपलाच डावा अंगठा बोल्टवर ठेवला आणि उजव्या हातानं पकड फिरवली.